एरर शून्य, तरी एका इनिंगला पाच रन: नवख्या बेसबॉल टीमचं दुखणं कुठं असतं?

आधी ती इनिंग सांगतो, कारण अख्खं दुखणं तिच्यातच आहे.

मी ज्या कॉलेज टीमचा कोच आहे, तिची शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजबरोबर सात इनिंगची सराव मॅच होती. आमच्या सोळा पोरांत अकरा एफवायचे. कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, कीपरसारखा) आणि शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला फील्डर) धरून चार जुने खेळाडू टीवाय संपवून गेलेले. सहावी इनिंग सुरू झाली तेव्हा आम्ही ६-३ ने पुढे.

बॅटर फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस करत होमला परतला की एक रन, आणि तीन आऊट झाले की इनिंग संपते. तेव्हा एक आऊट, फर्स्ट आणि सेकंडवर रनर. बॅटरने थर्डच्या दिशेने सरपटी मारला. आमचा थर्ड बेसमन बेसपासून दोन पावलांवर होता, बॉल त्याने झकास उचलला. सेकंडवरच्याला थर्डला यावंच लागत होतं, म्हणून नुसता बेसवर पाय ठेवला असता तरी एक आऊट, तिथून फर्स्टला फेकला असता तर दुसरा, इनिंग खलास. तो वळला आणि त्याने बॉल थेट होमला फेकला. होमकडे कुणीच येत नव्हतं. कॅचर बॉल हातात घेऊन उभा, आणि तिन्ही बेस भरलेले.

पुढच्या बॅटरचा बॉल इनफिल्डमध्येच (बेसच्या आसपासच) उंच उडाला. अंपायरने हात वर करून ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारला, म्हणजे कॅच होवो न होवो, बॅटर आऊट. आमचे शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन एकमेकांकडे बघत राहिले, बॉल दोघांच्या मधोमध पडला. सेकंड बेसमनने घाईघाईने उचलून फर्स्टला फेकला, आधीच आऊट असलेल्या बॅटरला पुन्हा आऊट करायला. तेवढ्यात थर्डवरचा घरी पोचला. मग उजवीकडे एक हळू ग्राउंडर (सरपटी बॉल) गेला. फर्स्ट बेसमनने बेस सोडून तो पकडला, पण पिचर (बॉल टाकणारा) जागेवरच उभा, फर्स्टवर कुणीच नाही. आणखी एक रन. त्यानंतरचे दोन मात्र खरे हिट (बॅटरने फटक्यावर कमावलेले बेस) होते, त्यांचं श्रेय समोरच्यांना. एकूण पाच रन, ८-६, आणि तिथंच मॅच गेली.

स्कोअर लिहिणाऱ्या मुलीने शीट आणून दिली. एररच्या रकान्यात शून्य.

तिचं काही चुकलं नव्हतं. बेसबॉलचा नियमच आहे की डोक्याची चूक, अंदाजाची चूक ही एरर म्हणून लिहायची नाही. हातातून बॉल सुटला, थ्रो भलतीकडे गेला, तर एरर. चुकीच्या बेसवर अचूक थ्रो केला तर तो ‘फील्डर्स चॉइस’. पिचर फर्स्टवर गेला नाही तर बॅटरच्या खात्यात हिट. त्यामुळे शीट वाचून टीम सुधारायला बसलात तर वाटतं पोरांचं फील्डिंग उत्तम आहे, बॅटिंग वाढवली पाहिजे. मी दोन महिने तेच केलं.

आधी जे करून पाहिलं आणि फसलं

ओरडणं. ‘लक्ष कुठंय?’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. त्याचा एकच परिणाम झाला. बॉल हातात आला की पोरं बेसकडे बघण्याआधी डगआऊटकडे (टीम बसते तिकडे) बघायला लागली, सर काय म्हणतायत म्हणून. अर्धा सेकंद तिथंच गेला.

राउंड मारायला लावणं. चुकणारा दहा राउंड मारतो, दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात, आणि तो तीच चूक दमलेल्या पायांनी करतो.

मॅचनंतरची लांबलचक मीटिंग. पोरांना एसटी गाठायची असते आणि डोकी खाली घालून ‘हो सर, हो सर’ चालू असतं. चूक करणाऱ्याला ती आधीच कळलेली असते, बाकीच्यांना आपल्यावर आली नाही याचा आनंद असतो.

खरं तर लक्ष नव्हतं असं नव्हतंच. त्या थर्ड बेसमनला मी दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं, होमला का फेकलास? तो निरागसपणे म्हणाला, ‘सर, बॉल आला की कीपरकडे.’ दहा वर्षं गल्लीत आणि शाळेत क्रिकेट खेळलेला पोरगा. बॉल आला की कीपरकडे! त्याने अगदी लक्ष देऊन चूक केली होती.

मग मी एक शंभर पानी वही केली. पोरं तिला चूकवही म्हणतात. एका ओळीत तीन गोष्टी: काय झालं, त्या वेळी तुझ्या मनात काय होतं, आणि ही सवय कुठून आली. दुसरा रकाना पोरानेच सांगायचा, मी नुसतं लिहायचं. रागवायचं नाही हा नियम मला स्वतःसाठी करावा लागला. पाच सराव मॅचनंतर वही चाळली तर बहुतेक ओळींची मुळं एकाच ठिकाणी पोचत होती.

मूळ कारण: अंगात भिनलेलं क्रिकेट

आपल्याकडे बेसबॉलला येणारं पोरगं कोरी पाटी नसतं. त्याच्या अंगात क्रिकेट असतं, आणि क्रिकेटचे कितीतरी शहाणपणाचे नियम इथे घातक ठरतात.

क्रिकेटमध्ये बॉल मारल्यावर धावायचं की नाही ते आपल्या मर्जीवर. बेसबॉलमध्ये बॉल फेअर (मैदानाच्या रेषांच्या आत) मारलात की धावायचंच. आमचे तिघं जण ग्राउंडर मारून ‘नको’ म्हणाल्यासारखे जागीच थांबलेले मी पाहिलेत. एक जण तर बॅट हातात घेऊन फर्स्टपर्यंत धावला आणि ती बेसवर टेकवली.

क्रिकेटमध्ये बॉल हवेत असताना दुसऱ्या टोकाच्या बॅट्समनने धाव घेतली तर कॅच झाल्यावर त्याचं काही जात नाही. इथे बेसवरच्या रनरला कॅचनंतर मूळ बेसला परत टेकावं लागतं. तो सुटला असेल तर बॉल त्याच्या आधी बेसवर पोचतो आणि एका कॅचवर दोन आऊट. क्रिकेटमध्ये क्रीज ओलांडून पुढे गेलं तरी चालतं. इथे ती मुभा फक्त फर्स्टला आहे. आमची पोरं नेमकी उलटी वागायची: फर्स्टजवळ क्रीज आल्यासारखी वेग कमी करायची आणि सेकंड ओलांडून दिमाखात दोन पावलं पुढे जायची. मग टॅग, म्हणजे अंगाला बॉल लावून आऊट.

तिसरा स्ट्राइक, म्हणजे एरवी बॅटर आऊट होतो तो बॉल, कॅचरच्या हातून निसटला आणि फर्स्ट रिकामा असेल, किंवा दोन आऊट असतील, तर बॅटरने फर्स्टकडे पळायचं असतं. आमचा बॅटर मान खाली घालून ग्लोव्ह काढत डगआऊटकडे चालू लागायचा. बोल्ड झाल्यावर चालतात तसा.

आणि सगळ्यात महागडी सवय, फील्डरची. क्रिकेटमध्ये बॉलला जायला दोनच टोकं असतात, आणि शंका आली तर कीपर. बेसबॉलमध्ये चार जागा, आणि कुठली बरोबर ते प्रत्येक बॉलला बदलतं. आऊटफिल्डमधून थेट होमला आलेला लांबलचक थ्रो दिसायला देखणा, प्रेक्षकांत टाळ्याही पडतात. तेवढ्यात हिट मारणारा फर्स्टवरून सेकंडला, सेकंडवरून थर्डला.

सॉफ्टबॉल खेळून आलेली पोरं त्या मानाने तयार असतात. जळगावसारख्या ठिकाणी सॉफ्टबॉल चांगला मुरलेला आहे, तिथला एक जण टीममध्ये असला की निम्मं ओझं उतरतं. पण त्यांचीही एक गोची आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये रनर आधीच लीड घेऊन, म्हणजे बेसपासून काही पावलं पुढे, उभा असतो. त्यामुळे आमचा सॉफ्टबॉलवाला पिचर मागे बघायचाच नाही, आणि समोरचे सेकंड चोरायचे. शिवाय तिथे बेसमधलं अंतर ६० फूट, इथे ९०. थर्डवरून फर्स्टला फेकायचं म्हणजे त्याला दुसऱ्या गावाला फेकल्यासारखं वाटतं.

खो-खोवाले मात्र माझे लाडके. दोन बेसच्या मध्ये सापडले तरी हातात येत नाहीत. फक्त त्यांना एक सांगावं लागतं: टॅग चुकवायला आपल्या वाटेपासून तीन फुटांपेक्षा जास्त बाजूला गेलास तर अंपायर आऊट देतो. आमच्या एका पोराने अशी सुरेख हूल दिली की समोरचा फील्डर तोंडावर आपटला. हा पार पिचरच्या माउंडपर्यंत (उंचवट्यापर्यंत) पळाला आणि आऊट होऊन हसत परत आला.

एक गोष्ट पोरांना सांगण्यासारखी

डोक्याच्या चुका ही नवशिक्यांची मक्तेदारी नाही, हे पोरांना कळलं की त्यांचे खांदे जरा सैल होतात. २३ सप्टेंबर १९०८. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज या टीमची मॅच, नववी इनिंग, १-१, दोन आऊट. फर्स्टवर जायंट्सचा फ्रेड मर्कल, वय १९, मोसमात फर्स्ट बेसवर पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. पुढच्याने हिट मारला, थर्डवरचा घरी आला, प्रेक्षक मैदानात घुसले. जिंकलो समजून मर्कल सेकंडला पाय न लावताच वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने बॉल मागवून सेकंडवर पाय ठेवला, मर्कल तिसरा आऊट ठरला आणि तो रन रद्द. मॅच बरोबरीत धरली गेली, ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवली, कब्ज जिंकले आणि एका विजयाच्या फरकाने लीगही त्यांची झाली. मर्कल आमच्या एसवायच्या पोरांच्या वयाचा होता.

आणि तो नवखा होता म्हणून झालं म्हणावं, तर २०२४ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या फायनलची, पाचवी मॅच घ्या. डॉजर्सविरुद्ध यांकीज ५-० ने पुढे. पाचव्या इनिंगला सेंटरफिल्डमध्ये ॲरन जजच्या हातून सोपा कॅच सुटला, शॉर्टस्टॉपचा थर्डला केलेला थ्रो जमिनीवर आपटला. ते दोन्ही एरर शीटवर आले. पण दोन आऊट असताना डॉजर्सच्या मुकी बेट्सने फर्स्टकडे हळू ग्राउंडर मारला आणि पिचर गेरिट कोल बेस झाकायला गेलाच नाही, त्याची नोंद काय? बेट्सच्या नावावर हिट. तिथं इनिंग संपायची होती, तिथून पाच रन झाले आणि डॉजर्सनी मॅच ७-६ ने घेतली, सिरीजही. ती क्लिप मी माझ्या पिचरला मोबाईलवर चार वेळा दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणाऐवजी पहिल्यांदाच उत्सुकता दिसली.

जे चाललं

खरी अडचण अनुभवाची. अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज टीमला एका मोसमात ५६ मॅच खेळायची मुभा असते. आमच्या वाट्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दोन-तीन, आणि कुणी तयार झालं तर सराव मॅच. सेमिस्टर परीक्षा आली की तेही बंद. तेव्हा वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. मॅचमध्ये जे प्रसंग तासाभरात एकदा येतात ते सरावात दर दोन मिनिटांनी आणायचे, एवढंच हातात होतं.

आता सरावाचा शेवटचा पाऊण तास बॅटिंग होत नाही. फक्की मारून बेस आखलेले, नऊ जण फील्डवर, उरलेले रनर. मी बॅट घेऊन उभा राहतो आणि आधीच सांगतो: ‘फर्स्ट-सेकंड, एक आऊट.’ मग बॉल मारतो. खेळ पूर्ण झाला की लगेच पुढचा प्रसंग. रनर खरे धावतात, कारण उभ्या रनरसमोर सगळेच हुशार असतात. पहिल्या आठवड्यात इतका गोंधळ झाला की शेजारी प्रॅक्टिस करणारी क्रिकेटची टीम खेळ थांबवून बघायला लागली.

त्यात एकच नियम कडक ठेवला. पिच (पिचरने टाकलेला बॉल) पडण्याआधी शॉर्टस्टॉपने मोठ्याने बोलायचं: आऊट किती, माणसं कुठं, ग्राउंडर आला तर कुठला बेस. सगळ्यांनी बोटांनी उत्तर द्यायचं. दोन आऊट असतील तर तर्जनी आणि करंगळी. शेजारची दोन बोटं दाखवली तर आऊटफिल्डमधून ती एकच वाटतात. सुरुवातीला पोरं लाजली. कॉलेजच्या मुली कट्ट्यावर बसलेल्या असताना करंगळी वर करायची म्हणजे काय! पण निर्णय बॉल येण्याआधी झालेला असला की तो आल्यावर फक्त हात चालवायचे उरतात. डगआऊटकडे बघणं आपोआप बंद झालं.

एफवायच्या पोरांना डबल प्लेचा (एका बॉलवर दोन आऊट घेण्याचा) विचारच बंद केला. नक्की मिळणारा एक आऊट घ्यायचा, जवळच्या बेसवर. दोन घ्यायला जाऊन एकही न मिळणं हा आमचा जुना छंद होता. आणि आऊटफिल्डरने होमकडे बघायचंच नाही. थ्रो कटऑफला (थ्रो मध्येच घ्यायला) उभ्या असलेल्याच्या छातीवर, पुढचं तो ठरवेल. पल्लेदार थ्रोचा मान जातो म्हणून आमचा सेंटरफील्डर चार दिवस रुसला होता.

फोर्स (बेसवर पाय ठेवून आऊट) आणि टॅगचा घोळ मात्र नियम वाचून कुणालाच सुटला नाही. तो एसटीने सोडवला. दारातली रेटारेटी डोळ्यांपुढे आणा: मागचा ढकलतोय तोवर पुढच्याला सरकावंच लागतं. बॅटर फर्स्टकडे येतोय म्हणून फर्स्टवरच्याला सेकंडला जायलाच हवं, तो येतोय म्हणून सेकंडवरच्याला थर्डला. असं रेटत असतील तेव्हा पुढच्या बेसवर नुसता पाय पुरतो. मागची जागा रिकामी, किंवा मागचा आऊट होऊन खाली उतरला, की रेटा संपला. मग माणसालाच बॉल लावायचा. हे ऐकल्यावर थर्ड बेसमनने विचारलं, ‘म्हणजे सर, मी आधी फर्स्टला फेकून बॅटरला आऊट केलं, तर पुढचे सगळे टॅग करायला लागतील?’ तेवढ्यासाठी मी त्याला चहा पाजला.

पिचरसाठी वेगळा सराव केला, दिवसाला वीस वेळा. पिच टाकल्यासारखं करायचं, बॉल फर्स्टच्या बाजूला गेलेला दिसला की न विचार करता फर्स्टकडे पळत सुटायचं. बॉल फर्स्ट बेसमनने एकट्यानेच निपटला तर पळणं वाया गेलं, बिघडलं काय?

खुणाही कमी केल्या. पूर्वी माझ्या नऊ खुणा होत्या: टोपी, कान, पट्टा, कोपर. पोरं त्या पाठ करण्यात गुंतायची आणि पिच सुटून जायची. आता तीन आहेत, बंट (बॉल हळूच टेकवणं), स्टील (बेस चोरणं) आणि काही नाही.

उरलं चूक झाल्यानंतरचं. एका चुकीतून दुसरी येते, कारण पोरगं मागच्या बॉलमध्ये अडकलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कॉलेज टीमची हकिगत मी सांगितली. २००४ च्या मोसमाची सुरुवात १५ विजय, १६ पराभव अशी. तरी जूनमध्ये ओमाहाला जाऊन त्यांनी कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांचे मानसशास्त्राचे तज्ज्ञ केन रविझा, आणि डगआऊटमध्ये एक खेळण्यातलं कमोड: चूक झाली की त्याचा फ्लश दाबायचा आणि पुढच्या बॉलला लागायचं. ही हकिगत सांगायला नको होती. दुसऱ्या दिवशी डगआऊटमध्ये एक लाल टमरेल अवतरलं. क्रीडा संचालक सरांनी ते बघून मला बाजूला घेतलं. आता टमरेल गेलं, त्याऐवजी मैदानातली चिमूटभर माती उचलायची, मुठीत दाबायची आणि सोडून द्यायची. मूठ उघडल्यावर त्या चुकीबद्दल इनिंग संपेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, मीसुद्धा. माझ्यासाठीच ते सगळ्यात अवघड जातं.

अजून न सुटलेलं

त्याच कॉलेजबरोबर परत खेळलो, ५-४ ने हरलो. चूकवहीत सहा ओळी गेल्या, पूर्वी दोन पानं लागायची. इनफिल्ड फ्लायला शॉर्टस्टॉप ‘माझा!’ असा किंचाळला की पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

पण एक गोष्ट अजून जमत नाही. दोन आऊट, फर्स्टवर रनर, बॅटरवर तीन बॉल (म्हणजे तीन वाईट पिच) दोन स्ट्राइक. अशा वेळी पिच सुटताक्षणी फर्स्टवरच्याने पळायचं, यात गमवायचं काहीच नसतं: स्ट्राइक झाला तर इनिंग संपली, वॉक झाला (चौथा बॉल पडून बॅटरला फर्स्ट फुकट मिळाला) तर सेकंड आपलंच, हिट झाला तर दोन पावलं पुढे. हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. तरी पिच सुटते आणि आमचा रनर बेसवर पाय रोवून माझ्याकडे बघत उभा असतो. ही ओळ वहीत आत्तापर्यंत अकरा वेळा लिहिलीय. या आठवड्यापासून फर्स्टजवळ उभ्या राहणाऱ्या राखीव खेळाडूला सांगितलंय की तीन-दोन झाले की रनरच्या कानात फक्त ‘जा’ म्हणायचं. पहिल्या दिवशी तो दोन स्ट्राइकलाच ‘जा’ म्हणाला आणि रनर पिकऑफ झाला, म्हणजे बेस सोडून सापडला आणि आऊट.